धातूच्या पत्र्यातून प्रतिकृती : जुळणी आणि मांडणी

पॅरिसचा आयफेल टॉवर हा मुळात जुळणीचा एक भलामोठा संच होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे. या मनोऱ्याचे १८,०३८ लोखंडी भाग पॅरिसलगतच्या लव्हालुआ-पेरे येथील कारखान्यात आधी तयार झाले. प्रत्येक भागाचे रेखाचित्र निराळे होते आणि त्यावरील छिद्रांच्या जागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत हिशेबाने ठरवलेल्या होत्या. प्रत्यक्ष जागेवर काम उरले ते भाग उचलून एकमेकांना जोडण्याचे. एखादा भाग जुळला नाही, तर तो तिथेच ठोकूनठाकून बसवण्याऐवजी कारखान्यात परत पाठवला जाई. सुमारे २५ लाख रिव्हेट मारून २८ जानेवारी १८८७ ते ३१ मार्च १८८९ या अवघ्या सव्वादोन वर्षांत मनोरा उभा राहिला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईत काळा घोडा परिसरात उभी असलेली वॉटसन हॉटेलची इमारत, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला गेला आणि सुट्या भागांच्या रूपात जहाजाने मुंबईला आणून १८६७ ते १८६९ या काळात इथे जुळवला गेला. सुटे भाग कारखान्यात बिनचूक करावेत आणि जागेवर फक्त जुळणी करावी, हे एकोणिसाव्या शतकातील अभियांत्रिकीचे सूत्रच होते. तेच सूत्र तळहाताएवढ्या पत्र्यावर आणून ठेवले, की धातूच्या प्रतिकृतींचा छंद तयार होतो.

संचांचे प्रकार

‘धातूचे मॉडेल’ या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळ्या जातीचे संच मिळतात आणि नवखा माणूस इथेच प्रथम गोंधळतो.

सर्वांत जुनी परंपरा नट-बोल्टच्या संचांची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये या खेळण्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. दोन छिद्रांमधील अंतर अर्धा इंच, हे त्याचे मूळ माप. एकच पट्टी आज क्रेनचा हात आणि उद्या पुलाची तुळई होऊ शकते, हीच या संचांची खरी गंमत. हे केवळ मुलांचे खेळणे राहिले नाही. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून विकलक समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले आणि त्याचा खर्च सुमारे २० पौंड आला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनोचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. आपल्याकडे ‘मेकॅनिक्स’ या नावाने मिळालेले याच धर्तीचे संच अनेकांच्या बालपणात येऊन गेले आहेत. चुकले तर बोल्ट सैल करावा आणि पुन्हा लावावे, एवढी मोकळीक या प्रकारात असते.

दुसरा प्रकार ओतीव भागांचा. कथील आणि तत्सम मऊ धातूंच्या मिश्रणातून ओतलेले सैनिक, मोटारी, इंजिने यांचे भाग घासावे लागतात, इपॉक्सीने चिकटवावे लागतात आणि शेवटी रंगवावे लागतात. पितळी पत्रा डाखून बनवायच्या रेल्वे इंजिनांचे संचही असतात. पण त्यांना डाखकामाचा सराव हवा. हे दोन्ही सुरुवातीचे काम नव्हे.

तिसरा प्रकार गेल्या दीड दशकात जगभर पसरला आणि आज बहुतेक नवे छंदिष्ट त्यातूनच या क्षेत्रात शिरतात. पाकिटात स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे एक-दोन सपाट पत्रे असतात. त्यांवर सर्व भाग आधीच कोरलेले व कापलेले असतात. ते सोडवायचे, घडी घालायची आणि एका भागाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून वळवायची. गोंद नाही, डाख नाही, रंग नाही. अमेरिकेतील ‘मेटल अर्थ’, जपानमधील तेन्यो कंपनीचे ‘मेटॅलिक नॅनो पझल’, चीनमधील ‘पीसकूल’ ही या प्रकारातील ठळक नावे. पुढील विवेचन मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

पत्र्यावरची नक्षी येते कशी?

हे समजून घेतले तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. पुष्कळांचा समज असा, की हे भाग छाप्याने दाबून कापलेले असतात. वास्तविक असे सूक्ष्म काम बहुधा रासायनिक कोरणीने होते. पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील किरण सोडतात आणि मग लेप धुतात. जिथे लेप उरतो तिथे धातू सुरक्षित राहतो. जिथे तो निघून गेलेला असतो तिथे फेरिक क्लोराइडसारखे द्रावण धातू खाते. दोन्ही बाजूंनी खाल्ले तर पत्रा आरपार कापला जातो. एकाच बाजूने खाल्ले तर साधारण अर्ध्या जाडीपर्यंत खोल रेघ उमटते. विटांच्या रेषा, खिडक्यांच्या चौकटी, विमानाच्या पंखांवरचे सांधे हे सारे या अर्ध्या कोरणीतून आलेले असते.

घडीच्या रेघाही अशाच असतात. त्या जागी धातू मुद्दाम पातळ केलेला वा मधूनमधून कापलेला असतो. म्हणून पत्रा तिथे सहज आणि सरळ वाकतो, पण म्हणूनच तिथे तो तुटतोही.

एकदाच वाकवा

या छंदात नियम म्हणावा असा एकच आहे : कोणतीही घडी एकदाच घालावी. तार तोडायला पक्कड हाताशी नसली, की आपण ती एकाच जागी मागेपुढे वाकवतो आणि पाच-सात झोक्यांत ती तुटते. धातू वाकला, की वाकलेल्या जागी तो अधिक कठीण होतो आणि पुढच्या वाकण्याला विरोध करतो. जोर लावून वाकवला तर भेगाळतो. स्टेनलेस स्टीलमध्ये हा गुण विशेष तीव्र आहे. त्यातच घडीची रेघ आधीच निम्म्या जाडीची. एकदा वाकवलेला भाग सरळ करून उलट दिशेने वाकवणे एखाद्या वेळी निभावते. तिसऱ्यांदा तोच प्रयोग केला तर तो भाग हातात दोन तुकडे होऊन येण्याची शक्यता अधिक. सुटा भाग बदलून मिळण्याची सोय बहुधा नसते. पाकीट पुन्हा घ्यावे लागते.

कागदी प्रतिकृती करणाऱ्याला आणि प्लॅस्टिकचे संच जोडणाऱ्याला ही अट ठाऊक नसते. कागदाची घडी उलगडता येते. प्लॅस्टिकचा सांधा ओला असताना हलवता येतो. इथे हात चालण्याआधी डोके चालले पाहिजे. भाग कोणत्या बाजूला वाकवायचा, कोरीव बाजू आत येणार की बाहेर, हे पुस्तिकेतील चित्रात दोनदा पाहावे आणि मगच पक्कड उचलावी. पितळी तपशिलाच्या पत्र्यांमध्ये घडीची खोबण आतल्या अंगाला ठेवण्याचा प्रघात आहे. स्टीलच्या तयार संचांत मात्र पुस्तिका सांगेल तेच प्रमाण मानावे.

सराव कशावर करावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर पाकिटातच असते. सगळे भाग निघाल्यावर पत्र्याची जी चौकट उरते, ती बहुतेक लोक फेकून देतात. ती त्याच धातूची, त्याच जाडीची असते. काम सुरू करण्याआधी चौकटीच्या एका कोपऱ्याची पट्टी कापून घ्यावी. ती वाकवून, पिळून, मुद्दाम तोडून पाहावी. किती जोराला धातू ऐकतो आणि किती जोराला तो तुटतो, हे पाच मिनिटांत बोटांना कळते.

हत्यारे

हत्यारांवर फार खर्च करण्याची गरज नाही. पण तीन गोष्टी चांगल्या प्रतीच्या असाव्यात. पहिली म्हणजे सपाट कापणारा छोटा कटर, जो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याची एक बाजू अगदी सपाट असते, त्यामुळे दुवा भागाच्या कडेला लागून कापता येतो. दुसरी, निमुळत्या तोंडाची पक्कड. मात्र तिच्या जबड्यांना आतून दाते नसावेत, कारण दात्यांचे वळ मऊ पितळेवरच काय, स्टीलवरही उमटतात. तिसरी, टोकदार चिमटा. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ही तिन्ही मिळू शकतात.

याखेरीज निरनिराळ्या जाडीच्या ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे (नळकांडी वळवण्यासाठी), स्टीलची पट्टी (लांब घडी एका सरळ रेषेत घालण्यासाठी) आणि सोनार वापरतो तशी एक बारीक कानस जवळ असली की पुरे. टेबलावर पांढरा कागद पसरावा आणि काम काठ असलेल्या ताटात करावे. कटरने तोडलेला तुकडा उडून जातो, तेव्हा तो फरशीवर शोधत बसण्यापेक्षा कापताना त्यावर बोट ठेवलेले बरे. डोळ्यांना चष्मा हवाच. पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि तुकडे अगदी लहान. हे संच बहुधा चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याचे पाकिटावर लिहिलेले असते, ते उगाच नाही. घरात रांगते मूल असेल, तर काम झाल्यावर जमीन झाडून घेणे हा जुळणीचाच भाग समजावा.

चाळिशी उलटलेल्यांनी भिंगाचा दिवा घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. डोळे ताणून दोन तास बसलेला माणूस शेवटच्या वीस मिनिटांत जेवढे मोडतो, तेवढे एरवी आठवडाभरात मोडत नाही.

जुळणीतील बारकावे

एका वेळी सगळे भाग कापून ठेवू नयेत. भागांवर क्रमांक नसतात. कोणता भाग कोणता, हे पत्र्यावरील त्याच्या जागेवरून आणि पुस्तिकेतील नकाशावरून कळते. पत्र्यावरून उतरलेले दहा सारखे भाग ताटात एकत्र झाले, की डावा कोणता आणि उजवा कोणता हे ओळखणे अवघड होते. त्या-त्या टप्प्याला लागणारेच भाग सोडवावेत.

भाग सोडवताना आणखी एक धोका असतो. भागाला चौकटीशी धरून ठेवणारे दुवे आणि भागाच्या स्वतःच्या जिभा दिसायला जवळजवळ सारख्या. घाईत जीभच कापली गेली, तर तो सांधा कायमचा गेला. मग सायनोअॅक्रिलेट गोंदाचा जेल प्रकार, तोही सुईच्या टोकावर येईल एवढाच, हाच उपाय. पातळ गोंद सांध्यातून पसरतो आणि त्याच्या वाफेने चकचकीत स्टीलवर पांढुरकी झाक येते.

जीभ खाचेत गेली, की तिला अडकवण्याच्या दोन रीती आहेत. एक, ती पत्र्याला टेकेपर्यंत आडवी वाकवायची. दुसरी, ती पकडीत धरून पिळायची. पिळलेला सांधा घट्ट बसतो, कारण पिळताना जीभ भागाला आपल्याकडे ओढते. पण पिळलेली जीभ उभीच राहते आणि बाहेरून दिसते. वाकवलेली जीभ दिसत नाही, मात्र सांधा किंचित सैल राहू शकतो. पुस्तिकेत दोन्हींसाठी वेगवेगळी चिन्हे दिलेली असतात. ती नसली, तर आत लपणाऱ्या जिभा पिळाव्यात आणि बाहेर दिसणाऱ्या वाकवाव्यात. पाऊण वळणापेक्षा कमीच पिळावे. बहुतेक वेळा पाव वळण पुरते. सगळ्या जिभा आधी नुसत्या खाचेत घालून किंचित कलत्या कराव्यात, चारही बाजू काटकोनात आहेत ना हे पाहावे आणि मगच त्या पक्क्या कराव्यात. सुताराने चौकट ठोकताना कर्ण मोजावा, तशातलाच हा प्रकार.

खरी परीक्षा वक्राकार भागांची. सपाट पत्र्यातून नळकांडे होते, शंकू होतो. पण घुमट होत नाही. कारण भूमितीचे आहे. पत्रा ताणल्याशिवाय त्याला एकाच वेळी दोन दिशांनी बाक देता येत नाही. संत्र्याची साल एकसंध राहून टेबलावर सपाट होत नाही, तेच हे उलट बाजूने. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हातोडीने ठोकून तांबे ताणतो, म्हणून त्याच्या हातून हंडा गोल होतो. संचातल्या पत्र्याला ते शक्य नाही. म्हणून ताजमहालाच्या प्रतिकृतीतला घुमट फुलाच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्यांचा असतो. प्रत्येक पाकळी स्वतंत्रपणे वाकवायची आणि टोके शिखराशी एकत्र आणायची. एका पाकळीला बाक कमी पडला, की तिच्या शेजारी फट दिसते. नवख्याने घुमटाच्या वाटेला जाऊ नये.

नळकांडे वळवताना ज्या दांड्यावर ते वळवायचे, तो अपेक्षित गोलाईपेक्षा थोडा बारीक घ्यावा. हात सोडला की पत्रा किंचित उलगडतो. हा धातूचा स्वभाव आहे. एकाच वेळी गोल करण्याऐवजी दांडा पुढेमागे फिरवत हळूहळू बाक वाढवावा. घडीचा नियम इथे थोडा शिथिल आहे, कारण वाकणे एका रेघेत न होता सगळ्या पृष्ठभागावर वाटले जाते.

पहिला संच कोणता?

आयफेल टॉवर हा पहिल्या कामाला बरा, याची दोन कारणे. त्याच्या चारही बाजू सारख्या असल्याने पहिल्या बाजूवर शिकलेले पुढच्या तिघींवर वापरता येते. आणि त्याचा बाक सावकाश आहे, नळकांडे कुठेच नाही. पूल, सपाट भिंतींच्या इमारती हेही योग्य. तोफा, वाफेची इंजिने, विमाने पुढच्या टप्प्यावर ठेवावीत. पाकिटावर सोपे, मध्यम, कठीण अशी श्रेणी असते. ती बऱ्यापैकी प्रामाणिक असते, पण तिच्यापेक्षा चित्रातली नळकांडी मोजणे अधिक खात्रीचे.

प्रमाणाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. २०२२ मध्ये नवा अँटेना बसल्यानंतर आयफेल टॉवरची उंची ३३० मीटर झाली. त्याची प्रतिकृती १५ सेंटीमीटर उंच धरली, तर प्रमाण २,२०० मागे १ असे येते. या प्रमाणात उभा माणूस पाऊण मिलिमीटरचा असेल. पत्रा पाव मिलिमीटर जाडीचा धरला, तर खऱ्या मनोऱ्यावर त्याची जाडी ५५ सेंटीमीटर होईल. खऱ्या मनोऱ्याच्या लोखंडी सांगाड्याचे वजन सुमारे ७,३०० टन. त्याच प्रमाणात लहान केला, तर तो एक ग्रॅमही भरणार नाही! पाकिटातली प्रतिकृती त्याहून कितीतरी जड असते. म्हणजेच अशा प्रतिकृतीत जाळीकाम सुटसुटीत करावेच लागते आणि उरलेला तपशील रेघांनी सुचवावा लागतो. ती खऱ्या वास्तूची तंतोतंत लघुरूप नसून धातूत काढलेले चित्र आहे, हे ध्यानात घेतले तर निवड सोपी होते.

किमतीबद्दल एवढेच, की हे संच बव्हंशी परदेशातून येतात. खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. भारतातील दुकानात आणि परदेशातील दुकानात किमतीचा जो फरक दिसतो, त्याचे एक कारण हे. नाव नसलेल्या स्वस्त पाकिटांत खाचा जिभांपेक्षा अरुंद निघणे, दुवे अर्धवट कोरलेले असणे, हे दोष आढळतात. पहिल्याच संचात असे झाले, की माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो आणि छंद सोडतो. तेव्हा पहिला संच तरी नावाजलेला घ्यावा.

मांडणी

आपल्याकडे प्रतिकृती करण्याची हौस नवी नाही. दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले होतात, त्यांवर मावळे उभे राहतात, अळीव पेरून हिरवळ उगवते. पण तो किल्ला काही दिवसांनी मोडायचाच असतो, त्यामुळे तो टिकवण्याची विद्या आपल्याला अवगत करावी लागली नाही. धातूची प्रतिकृती मात्र राहते, आणि राहते म्हणूनच बिघडते.

तिचा पहिला शत्रू धूळ. जाळीच्या कामात साठलेली धूळ पुसता येत नाही. पुसायला गेले तर फडक्याचा धागा जिभेत अडकतो आणि सांधा उखडतो. म्हणून प्रतिकृती पूर्ण झाली, की त्याच दिवशी ती झाकणाखाली गेली पाहिजे. अॅक्रिलिकची पारदर्शक पेटी उत्तम. पेटी प्रतिकृतीपेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठी असावी. फार मोठ्या पेटीत लहान प्रतिकृती हरवते, आणि तंग पेटीत उचलताना ती धडकते. मऊ रंगकामाचा ब्रश आणि छायाचित्रकार वापरतात तो हवेचा फुगा, एवढ्यावर साफसफाई भागवावी.

दुसरा शत्रू दमट हवा. स्टेनलेस स्टील गंजत नाही, ही समजूत पूर्ण खरी नाही. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य संरक्षक थर तयार होतो. पण समुद्रावरून येणाऱ्या हवेतील क्षार हा थर ठिकठिकाणी फोडतात आणि चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके पडू लागतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा किनारपट्टीच्या गावांत हे अनुभवास येते. कापलेल्या कडांपाशी आणि घड्यांमध्ये डाग लवकर दिसतात. बोटांच्या घामातही मीठ असते. स्टीलवर आज उमटलेला ठसा पावसाळ्यानंतर तसाच तपकिरी होऊन समोर येतो. म्हणून शेवटचे टप्पे नायट्राइलचे पातळ मोजे घालून करावेत आणि पेटी बंद करण्यापूर्वी प्रतिकृती आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावी. रंग छापलेल्या संचांना मात्र अल्कोहोल लावू नये. रंग सुटण्याचा धोका असतो.

पेटीच्या तळाशी, बैठकीखाली लपवून, सिलिका जेलची पुडी ठेवावी. तिचा उपयोग बंद पेटीतच होतो. उघड्या फळीवर ठेवली तर ती खोलीचीच हवा शोषत बसते. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते केव्हा भरले हे कळते. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवले की ते पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून त्यांना स्वयंपाकाच्या भांड्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

पितळी प्रतिकृतींची गोष्ट वेगळी. पितळ काळवंडते, हे देवघरातील समई पाहून प्रत्येकाला ठाऊक असते आणि तिच्यावरचा उपायही ठाऊक असतो. तोच उपाय इथे घातक ठरतो. चिंच, लिंबू, पितांबरी, राख यांपैकी काहीही कोरीव पत्र्याला लावू नये. आम्ल धातू खाते, भुकटी घासते आणि दोन्हींचे अवशेष खाचांत अडकून पुढे हिरवे होतात. समईचे पितळ जाड असते, तिचा थोडा थर गेला तरी बिघडत नाही. इथे अर्ध्या जाडीच्या रेघा आहेत, त्या झिजल्या की नक्षीच पुसली जाते. पितळेला नव्या अवस्थेतच स्पष्ट लॅकरचा अतिशय पातळ फवारा द्यावा, किंवा ते काळवंडू द्यावे. जुनेपणाची ती झाक गॉथिक कमानींच्या इमारतीला चकाकीपेक्षा अधिक शोभते, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी लॅकर मारावा.

कपाटाच्या निवडीत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नव्या प्लायवुडमधून आणि काही लाकडांतून आम्लयुक्त वाफा बाहेर पडत राहतात. लोकरी कापड आणि रबर यांतून गंधकयुक्त वाफा निघतात. बंद जागेत या वाफा साठल्या की पितळ, तांबे, चांदी झपाट्याने काळी पडतात. संग्रहालये प्रदर्शनाच्या पेट्यांसाठी साहित्य पारखून घेतात, ते याच कारणाने. आपण काच, अॅक्रिलिक किंवा रंग पूर्ण वाळलेला पत्रा वापरला, की प्रश्न मिटतो. बैठकीवर मखमल हवीच असेल तर सुती किंवा पॉलिएस्टरची घ्यावी, लोकरीची नको.

प्रकाश वरून एकाच बिंदूतून सोडू नये. चकचकीत पत्र्यावर त्याचा एक पांढरा ठिपका होतो आणि कोरलेल्या रेघा अदृश्य होतात. बाजूने, तिरका, थोडा पसरलेला प्रकाश पडला तर प्रत्येक अर्धी कोरणी सावली टाकते आणि प्रतिकृती जिवंत होते. त्यासाठी एलईडीची छोटी पट्टी पुरते. तिची उष्णताही जाणवत नाही. खिडकीतल्या उन्हात पेटी ठेवू नये, कारण छापील रंग फिके पडतात. पुलासारख्या वस्तूंच्या खाली आरसा ठेवला, तर खालचे जाळीकामही दिसते. पार्श्वभूमी मात्र गडद, बिनचमक हवी. चांदीच्या रंगाची वस्तू पांढऱ्या भिंतीसमोर ठेवणे म्हणजे ती लपवून ठेवणेच होय.

अनेक प्रतिकृती जमल्या, की त्यांचा आपसातला संबंध ठरवावा लागतो. एकाच फळीवर मूठभर उंचीचा मनोरा आणि तेवढ्याच उंचीचा भुंगा शेजारी ठेवले, तर दोघेही खोटे वाटतात. एका फळीवर वास्तू, दुसरीवर वाहने, असे तरी करावे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांइतकेच सिग्नल, उड्डाणपूल, दिव्याचे खांब आणि माणसे यांना महत्त्व दिलेले दिसते. वस्तूचे मोजमाप तिच्या शेजारच्या वस्तूवरून डोळ्यांना कळते, हे तिथे चांगले समजते. घरच्या पेटीत एवढा पसारा शक्य नसला, तरी बैठकीवर मूळ वास्तूचे नाव, वर्ष, खरी उंची आणि प्रमाण लिहिलेली छोटी पट्टी लावता येते. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ‘खरा केवढा असतो हो?’ असाच असतो.

प्रतिकृती बैठकीला दुहेरी चिकटपट्टीने चिकटवण्याची पद्धत सोयीची, पण वाईट. चिकटपट्टी काही वर्षांत वाळते आणि निघताना जिभा उपटते. सूक्ष्मस्फटिकी मेणाचे, म्हणजे संग्रहालयात वस्तू हलू नयेत म्हणून वापरतात त्या मेणाचे, चार बारीक थेंब पायांखाली लावावेत. घर बदलताना पेटीतली पोकळी कागदाच्या मऊ बोळ्यांनी भरण्याचा मोह होतो, तोही आवरावा. कागद जाळीत अडकतो. प्रतिकृती मेणावर पक्की ठेवून रिकामी पेटीच दुसऱ्या मोठ्या खोक्यात, भोवती गादी घालून न्यावी. पुस्तिका आणि पत्र्याची उरलेली चौकट दोन्ही एका पाकिटात घालून बैठकीच्या तळाला चिकटवून ठेवावीत. सांधा सुटला तर कोणती जीभ कोणत्या खाचेतली, हे पुस्तिकेवरून कळते. आणि नवी जीभ कापून लावण्याची वेळ आली, तर त्याच जाडीचा तेवढाच पत्रा दुसरीकडे मिळत नाही.